बोटांना काम

शाळेचा शिपाई रवळू आमच्या गल्लीत शिरला की मी मान खाली घालायची. माणूस गरीब, पण त्याच्या तोंडात एकच वाक्य, "वैनी, शिंत्रे बाईंनी बोलावलंय." ते बी कधी, तर नळावर बायका उभ्या असताना, मोठ्यानं. कळशी तिथंच ठेवायची, डोईवर पदर घ्यायचा आणि त्याच्या मागनं निघायचं. मागं बायका काय बोलायच्या ते ऐकायला कान लागत न्हायत, पाठीला कळतंय.

बोलावणं असायचं आमच्या विशाखाचं. एकुलती एक पोर, लई वर्षांनी झालेली. नाकीडोळी नीटस, रंगानं उजळ. पण कुणाच्या तोंडाकडं बघायची न्हाय, हाक मारली तर ओ द्यायची न्हाय. दोन्ही हात पाखरागत झाडत अंगणात फिरायची. बेळगावच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं कानात बॅटरी मारली आणि सांगितलं, कान उत्तम हायत, घेऊन जावा. आता असल्या पोरांना इंग्रजीत काय तरी नाव हाय म्हणं. तवा आमच्या निपाणीत एकच नाव हुतं, येडी.

आणि येडी तर ती नव्हतीच. आमचे मालक पोस्टात सॉर्टिंगला. त्यांचं नाव घ्यायला मला अजून जड जातं, पण गोष्ट कळायला पायजे म्हणून घेते, देवाप्पा. हे घरी येऊन जेवताना गावांची नावं घ्यायचे, आणि ही भिंतीकडं तोंड करून एकेका गावाचा पिनकोड सांगायची. चिकोडी, संकेश्वर, खानापूर, नंदगड, कुठलं बी विचारा. हे हसायचे, म्हणायचे, "मी रिटायर झालो की माझ्या खुर्चीवर हिलाच बसवतो." कळत नव्हतं ते आमालाच, ती कशी शिकती ते.

ती शिकायची केसांच्या जोरावर. हसू नका, खरं सांगते. वर्गात सतरंजीवर बसली की डावा हात कानामागं जायचा. एक बट धरायची, बोटाला पिळायची, सोडायची, परत पिळायची. तेवढं चाललं की उजव्या हातानं पाटीवर लिहायची, मान खाली घालून, आणि चूक म्हणून न्हाय. शिंत्रे बाईंनी पहिल्यांदा पट्टी दाखवली, मग नाद सोडला. बसती न्हवं गप, बसू दे म्हणाल्या.

पण फणीचं तिचं हाडवैर. डोक्याला फणी लावली की असं किंचाळायची की शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. मी तेल चोपडायची आणि बोटांनीच विंचरल्यासारखं करायची. ते तेल, तो तंबाखूच्या वखारींचा धुरळा आणि दिवसभर ते पिळणं. व्हायचं तेच झालं. कानामागं केसांची गुठळी झाली, गुठळीची वळी झाली. एक दिवस नळावर नागुबाई आली, माझ्या पोरीचं डोकं बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. नागुबाई म्हंजे आमच्या गल्लीची कोतवाल, तिच्या डोळ्यातनं काय सुटायचं न्हाय.

"तानीबाई, जट आली की गं पोरीला."

मी म्हटलं, "गुंता हाय तो. फणी लावू देत न्हाय."

"गुंता तुला. तिनं बोलावणं धाडलंय. हळद लाव त्याला, आणि कात्री लावू नको. बुद्ध झालासा म्हणून ती तुमाला विसरती व्हय?"

ती म्हंजे सौंदत्तीची यल्लम्मा. आमच्या या मुलखात पोरीच्या डोक्यात जट आली की लोकांना दुसरं काय सुचत न्हाय. जट वाढवायची, मग एका पुनवेला पोरीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची आणि तिला देवीला सोडायची. लगीन न्हाय, संसार न्हाय. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. पुढं तिचं काय होतं ते सगळ्या निपाणीला ठाऊक हाय, बोलत कुणी न्हाय.

आणि आमच्या घरात हे नाव निघणं म्हंजे काय, ते नागुबाईला पुरतं ठाऊक हुतं. यांची सख्खी मावशी सोनुबाई अशीच सोडलेली. हे लहान असताना तिच्या मागनं परडी उचलून याच गावात फिरलेत. घरची माणसं बुद्ध झाली तवा यांना मिसरूड फुटत हुतं. यांनीच घरातले देव टोपलीत भरले आणि वेदगंगेत सोडून आले. मग शिकले, नोकरीला लागले, विहारात पोरांना अभ्यास सांगू लागले. तरी बाजारात एखादा म्हातारा म्हणायचाच, "हा कोण? सोनुबाई जोगतिणीचा भाचा न्हवं?"

संध्याकाळी यांनी जट बघितली. मला वाटलं बोलतील, ओरडतील. यांनी कात्री घेतली, पोरीला दोन पायांत धरली आणि जट कापली. नुसती जट न्हाय, परत पिळायला काय राहू नये म्हणून सगळे केस कातरले, पोरासारखे. पोर गुरागत ओरडत हुती. कापून झाल्यावर तिचा हात कानामागं जायचा, काय सापडायचं न्हाय, परत जायचा. मला वाईट वाटलं, आणि बरं बी वाटलं. नळावरच्या बायकांची तोंडं बंद झाली, एवढंच मी बघितलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवसापासनं शाळेत नुसता गोंधळ. हात केसांत जायचा, केस नसायचे, मग ती डोकं खाजवायची, रक्त येईपर्यंत. तिथनं उठवली की भिंतीवर डोकं आपटायची. शेजारच्या पोरीनं हात धरला तर तिच्या मनगटाला चावली, दातांची खूण उठली. पाटी फोडली. रवळू तर आमच्या गल्लीतलाच झाला म्हणा ना.

शिंत्रे बाई मला वर्गाच्या दारात उभी करायच्या. आत पोरी बसलेल्या, सगळ्या तोंड वर करून ऐकत्यात. चावलेल्या पोरीची आई एकदा आलती, बरी कापडं घातलेली बाई. माझ्याशी बोललीच न्हाय. बाईंनाच म्हणाली, "यांच्यात पोरांना वळण लावत न्हाईत का?" यांच्यात. तो शब्द माझ्या कानात आठ दिवस हुता. पोरगी तर माझ्या पदराला धरून भिंतीवर टाच आपटत हुती.

शेवटी बाई म्हणाल्या, "हेडबाई नाव कमी करणार म्हणतात, तानीबाई. सोमवारपर्यंत बघायचं, मग घरी ठेवा." आणि मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात, "जट कापायला नको होती. कोप झालाय हा."

मी म्हटलं, "आमी मानत न्हाय बाई."

"तुम्ही मानू नका. देवी तुम्हाला आपलं मानते."

त्या दिवशी पोरीला घेऊन बाजारातनं आले. ती सगळ्या वाटेनं ओरडत हुती, हिसके देत हुती, आणि दुकानाच्या फळ्यांवर बसलेली माणसं माना वळवून बघत हुती. मी पदर ओढून तोंड झाकलं. पोटच्या पोरीबरोबर चालताना बाई तोंड झाकते, ऐकलंय कुठं? मी झाकलं. तिला ते कळलं नसंल असं म्हणून मी मनाला समजावते, पण खरं म्हंजे मला ठाऊक न्हाय तिला काय कळायचं ते.

घरी आल्यावर मी पावट्याच्या शेंगा घेऊन बसले. स्वयंपाक तर चुकत न्हाय कुणाला. ही येऊन बसली आणि ढिगात हात घातला. एक शेंग चेपली, दाणा टुणकन बाहेर आला. दुसरी चेपली. बघता बघता ओरडणं थांबलं. अंग सैल पडलं. आणि भिंतीकडं बघून पिनकोड सुरू झाले, एकापाठोपाठ एक. मी शेंग हातात धरून तशीच बसले. म्हंजे केसांचं काय नव्हतंच. तिच्या बोटांना काम पायजे हुतं. बोटं कामात असली की डोकं मोकळं, बोटं रिकामी पडली की तिचं सगळं बिघडायचं. एवढी साधी गोष्ट, आणि आमी कात्री घेऊन बसलेलो.

आता शाळेत कोण पावटे सोलू देतंय? मी चिंचोके दिले, तर तिनं तोंडात टाकले. चिंधीची गाठ दिली, ती चावून चावून ओली केली. शेजारणीकडनं बिडीचा दोरा आणला, तर बोटाला असा आवळला की बोट निळं पडलं. सोमवार तर जवळ येत हुता.

आठवड्याच्या बाजारात मष्णू मणेरी बसायचा, बांगड्या, मणी, गंगावनं मांडून. मी हिला घेऊन गेले. त्याच्या पुढ्यात मण्यांचे ढीग, निळे, हिरवे, पिवळे. हिनं सगळे सोडून एका ढिगात हात घातला आणि गप झाली. भर बाजारात, एवढ्या कलकलाटात, गप. बोटांतनं मणी सोडत बसली.

ढीग कुठला, तर लाल-पांढऱ्या मण्यांचा.

मला काय कळलं नव्हतं, असं न्हाय. मी तिचा हात काढला आणि निळ्या मण्यांत घातला. तिनं निळे फेकले. हिरवे दिले, ते बी फेकले, मष्णूच्या तोंडावर. त्या लाल-पांढऱ्या मण्यांना बारीक बारीक कंगोरे हुते, तेच तिच्या बोटांना पायजे हुते, रंगाचं तिला काय पडलेलं? मी मष्णूला विचारलं, असलेच दुसऱ्या रंगात हायत का. तो म्हणाला, "असले मणी दुसऱ्या रंगात कोण घेणार वैनी? हे त्याच कामाला येतात." आणि माळ ओवून, कपाळाला लावून माझ्या हातात दिली. मी ती चोरीचा माल असल्यागत कमरेला खोचली.

यांना दाखवली न्हाय. पोरीच्या फ्रॉकला खिसा शिवला, खोल, आणि सोमवारी माळ त्यात घातली. तिला सांगितलं, खिशातच हात घालायचा, बाहेर काढायची न्हाय. दिवसभर मी दारात उभी, रवळू आता येईल, मग येईल. आला न्हाय. मंगळवारी आला न्हाय. पुढं आठवडा गेला, रवळू आमची गल्ली विसरला. मला वाटलं, सुटले बाई. आता गप बसावं का न्हाय? पण माझा स्वभावच तसला, बघितल्याशिवाय चैन पडंना. मधल्या सुट्टीच्या आधी शाळेत गेले आणि खिडकीतनं डोकावले.

माळ तिच्या गळ्यात.

कशी गेली ते मला लगेच कळलं. खिसा मी शिवलेला उजवीकडं, आणि उजव्या हातात पेन्सिल. डाव्या हाताला खिसा गावंना, म्हणून तिनं आपली आपण माळ गळ्यात घातली. डाव्या हातानं मणी सरकवत हुती, उजव्यानं लिहीत हुती. अक्कल बघा पोरीची. मला रडू बी आलं आणि घाम बी फुटला.

पोरगी पहिल्या रांगेत बसलेली, आणि तिच्या दोन्ही अंगाला मोकळी जागा. तिच्यापुढं केळ्यांची फणी ठेवलेली, हळदीची बोटं लावलेली. शिंत्रे बाईंनी मला बघितलं आणि बाहेर आल्या. नेहमी येतात तशा न्हाय, हसत आल्या.

"चांगलं केलंत तानीबाई. शहाणं व्हायला उशीर केलात, पण झालात. बघा कशी शांत झाली देवी. आता कुणी हिचं नाव काढत न्हाय. हेडबाईंना मीच सांगितलं, देवीच्या पोरीला काढायचं पाप माझ्या वर्गात नको."

मी तोंड उघडलं. जिभेवर सगळं आलेलं, की बाई, देवी न्हाय, बोटं हायत, पावट्याच्या शेंगा हायत. आत विशाखा लिहीत हुती. मी तोंड मिटलं आणि मान हलवली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, काय करता? त्यानंतर मंगळवारी-शुक्रवारी पोरींच्या आया पदरात कायबाय घेऊन यायच्या. "यांच्यात" म्हणणारी ती बाई बी एकदा आली. पोरीच्या पायाला हात लावायला वाकली, तर विशाखानं पाय ओढून घेतले. बाईनं जमिनीलाच हात लावला आणि कपाळाला नेला. मी खांबाआड झाले.

असलं झाकून राहतंय का कुठं? पोस्टात परशराम म्हणून यांचा मैतर, आमच्यातलाच, विहारात यांच्याच शेजारी बसणारा. त्यानं भर ऑफिसात विचारलं, "देवाप्पा, पंचशील म्हणतोस आणि पोरगी देवाला सोडलीस?" हे अर्ध्या दिवसात घरी आले. सायकल भिंतीला टेकवली न्हाय, आडवीच पडू दिली.

"माळ कुठाय?"

पोर नुकतीच शाळेतनं आलेली. माळ गळ्यातच हुती. मी बोट दाखवलं.

"कुणी घातली?"

"तिनंच."

"आणली कुणी?"

"मी."

हे पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी परडी उचललीया तानी. या गावात. दारातनं बायका भाकरी टाकायच्या, वरनं, हात लागू नये म्हणून. कोण कोण टाकायचं ते अजून मला ठाऊक हाय, त्यांची पत्रं मी सॉर्ट करतो. सरकार आता कायदा करायला निघालंय याच्यावर, पेपरात आलंय. आणि माझ्या घरात ही माळ."

मला वाईट वाटलं, पण माझी जीभ गप बसंल तर ना. म्हटलं, "आणि जट कापून तुमी तिच्या हातात काय दिलासा? कापलीसा आणि दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसून गेलासा. ती भिंतीवर डोकं आपटायची ते मी बघितलं. दारात उभी राहून बोलणी मी खाल्ली. माळ देवीची न्हाय, खेळणं हाय. तिच्या बोटांना काम हाय ते." आणि मग सगळं सांगितलं, पावट्यापासनं.

ऐकून घेतलं त्यांनी. पोरीकडं बघत बसले. ती मणी सरकवत हुती आणि गुणगुणत हुती. मग म्हणाले, "असं हाय तर मग भ्यायचं कशाला? उद्या जाऊन खरं सांगतो. शाळा हाय ती, शिकलेली माणसं हायत. सांगितलं की कळंल."

मी हसले. नको हसायला हुतं.

सकाळी आमी दोघं गेलो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस चापून बसवलेले. हेडबाईंची खोली वर्गाला लागूनच, मधलं दार उघडं. आत शिंत्रे बाई पाढे घेत हुत्या. तेविसाचा कुणाला येतो म्हणून विचारलं, सगळ्या गप. मग विशाखाचा आवाज आला, सपाट, न थांबता, शेवटपर्यंत. बाई म्हणाल्या, "शाब्बास." हे दारातच थांबले. यांनी तिला वर्गात बसलेलं कधी बघितलंच नव्हतं. नाव घालायला आलते, तेवढंच. बघत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढं कोवळं तोंड मी त्यांचं कधी बघितलं न्हाय.

हेडबाईंनी खुर्ची दिली न्हाय, पण नीट बोलल्या. यांनी बी नीट सांगितलं. "बाई, एक गैरसमज झालाय. ती माळ देवीची न्हवं. आमी बौद्ध हाय, आमच्यात ते बंद हाय. पोरीच्या बोटांना काय तरी चाळा लागतो, तो असला की तिचं ध्यान लागतं. तुमचा चष्मा जसा तुमाला, तशी तिला ती माळ. दुसरं त्यात काय न्हाय."

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चष्मा डॉक्टर देतात. हे कुठल्या डॉक्टरनी सांगितलंय?"

"कुणी न्हाय. हिच्या आईनं शोधलं."

हेडबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि परत यांच्याकडं. "म्हंजे खेळणं."

"खेळणं म्हणा."

"मग आजपासनं बंद. वर्गात गोट्या, चिंचोके, कवड्या, काही चालत न्हाई. एकीला दिलं तर उद्या सगळ्या आणतील, मी काय सांगू त्यांच्या आयांना? अमकीची पोर लाडकी?"

"बाई, माळ काढली तर ती बसणार न्हाय. परत चावंल."

"मग नाव कमी. ते तर आधीच ठरलेलं. शिंत्रे बाईंनी देवीचं म्हणून सांगितलं म्हणून मी थांबले. देवीचं असलं तर गोष्ट वेगळी, त्याला मी हात लावणार न्हाई, मला बी पोरंबाळं हायत. खेळणं असलं तर काढा." त्या काय रागानं बोलत नव्हत्या, दुकानात माप विचारावं तसं विचारलं त्यांनी. "तुम्ही सांगाल ते. खेळणं, का देवीचं?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक हुतं ते का बघत्यात. मी बोलले असते तर त्यांना बोलावं लागलं नसतं. आणि माझी ही जीभ, जी नळावर, बाजारात, घरात कुठं म्हणून अडत न्हाय, ती टाळूला चिकटली. मी खाली बघितलं. फरशीवर शाईचा डाग हुता, तो बघत राहिले.

पलीकडं पोरी बाईंच्या मागनं चोविसाचा पाढा म्हणत हुत्या. त्यात विशाखाचा आवाज वेगळा कळत हुता, सगळ्यांच्या एक पाऊल पुढं.

"देवीचं हाय," हे म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं हेडबाईंना ऐकू गेलं नसंल. गेलं. त्यांनी मान डोलावली आणि दारातनं हाक मारली. पाढे थांबले. शिंत्रे बाई आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या मागं सगळा वर्ग तोंड वळवून बसलेला.

"सांगा यांना बी तुमच्या तोंडानं," हेडबाई म्हणाल्या. "उद्या कोण म्हणायला नको, शाळेनं काय तरी केलं म्हणून."

यांनी परत सांगितलं. या खेपेला मोठ्यानं सांगावं लागलं. "पोरगी देवीची हाय. माळ देवीचीच हाय."

शिंत्रे बाईंनी हात जोडले. यांना, देवाप्पाला. ज्या माणसाला खुर्ची दिली नव्हती त्याला. मग यांनी बी जोडले, काय करणार? बाई लगबगीनं कपाटाकडं गेल्या आणि एक नारळ घेऊन आल्या, हळदकुंकू लावलेला. देवीच्या नावानं कधीचा ठेवलेला, म्हणाल्या, सौंदत्तीला डोंगरावर नेऊन देणारं कुणी भेटत नव्हतं. "पुनवेला पोरीला घेऊन डोंगरावर जालच तुम्ही. आमच्या घरच्या नावानं हा फोडा."

मला वाटलं आता हे न्हाय म्हणतील. यांनी दोन्ही हात पुढं केले आणि घेतला.

बाहेर आलो. पाढे परत सुरू झालेले. फाटकापाशी मी म्हटलं, "पिशवीत घाला, द्या इकडं, मी घरी नेते." न्हाय म्हणाले. वेळ झालीय म्हणाले, ऑफिस गाठायला पायजे. मी बघत उभी राहिले. नारळ हातात तसाच उघडा धरून हे बाजारातनं पोस्टाकडं चालत गेले.